संपादणूक, धारणा आणि 'व्यावसायिक': प्रश्नावलीत नक्की काय लिहायचं?

एमएडच्या प्रबंधासाठी प्रश्नावली मराठीत करतेय. आयटीआयत शिकवणाऱ्यांना पोरांबद्दल आणि स्वतःच्या शिकवण्याबद्दल मनातून काय वाटतं आणि त्याचा निकालाशी काही संबंध लागतो का, असा विषय आहे. तीन शब्दांवर अडलेय. अचीव्हमेंटला पुस्तकात संपादणूक म्हणतात, पण बोलताना कोणाच्या तोंडी ऐकला नाही. बिलीफ्सला विश्वास, समजूत, धारणा यातलं काय घ्यायचं? आणि व्होकेशनल म्हणजे व्यावसायिक की व्यवसाय?

—

संपादणूक बिनधास्त ठेवा. १२ नोव्हेंबर २०२१ ला तिसरी, पाचवी, आठवी, दहावीचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं, तेव्हापासून झेडपीच्या गुरुजींनाही तो पाठ झालाय. प्रगती मात्र लिहू नका, प्रगती म्हणजे आधीपेक्षा किती वाढ झाली ते आणि संपादणूक म्हणजे आज किती येतं ते. (तरी आपण निव्वळ मार्क छापतो त्याला प्रगतिपुस्तक म्हणतो हा भाग वेगळा. आणि जुन्या मराठीत सोंगही संपादायचे, म्हणजे हुबेहूब वठवायचे 😄)

—

ताई, मी फिटर ट्रेडला निदेशक होतो, आता रिटायर. पहिलं म्हणजे 'शिक्षक' लिहू नका, आमच्याकडे शिल्प निदेशक म्हणतात, नाहीतर लोक फॉर्म बाजूला ठेवतील. दुसरं, संपादणूक म्हणजे कुठली ते आधी ठरवा, थिअरीची का प्रॅक्टिकलची? पेपरात चार ओळी धड न लिहिणारा पोरगा कानस हातात घेतली की ±०.०४ मिमीत मेल-फीमेल फिटिंग (एकमेकांत बसणारे दोन तुकडे) बसवून देतो, असे कितीतरी पाहिलेत, आणि उलटेपण पाहिलेत. दोन्हीची बेरीज करून एकच आकडा काढलात तर त्यातून काहीच कळायचं नाही.

तिसरं, आमच्यात व्यवसाय म्हणजे ट्रेड. परीक्षेचं नावच अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा. कागदावर जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री असतं आणि बोलताना फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. तुम्ही 'आपला व्यवसाय' असा रकाना ठेवलात तर अर्धे लोक जोडारी लिहितील आणि अर्धे नोकरी.

—

सरांशी सहमत. व्यावसायिक अभ्यासक्रम म्हटलं की घरी लोकांना एमबीबीएस नि इंजिनिअरिंग आठवतं, म्हणून व्यवसाय शिक्षणच बरं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मराठी लिखाणात व्यावसायिक शिक्षण दिसतं, ते तुमच्या गाईडना आवडेल, पण आयटीआयत घोळ होईल.

—

बिलीफवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. विश्वास नको, त्याला कौतुकाचा वास येतो. 'माझा विश्वास आहे की आयटीआयला येणारी पोरं अभ्यासात कच्चीच असतात' हे वाचून बघा, कसं कानाला खटकतं. समजूत म्हटलं की ती चुकीचीच असणार असं आपण धरून चालतो. राहिली धारणा, ती शीर्षकात ठेवा पण विधानांत सरळ 'मला वाटतं' लिहा.

आणि धारणा नि अपेक्षा एक करू नका. रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा १९६८ मध्ये छापून आलेला कॅलिफोर्नियातल्या प्राथमिक शाळेचा प्रयोग तुम्ही वाचला असेलच, शिक्षिकांना सांगितलं होतं की ही अमुक मुलं यंदा झेप घेणार, खरं तर ती नावं नुसती चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली, तरी पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्ध्यांक जास्त वाढलेले निघाले. वरच्या वर्गांत फारसं काही दिसलं नाही आणि मोजमापावरून पुढे भांडणंही खूप झाली. पण तिथे मोजली ती अपेक्षा, ठराविक मुलाबद्दलची. मानसशास्त्रज्ञ बंडुरा १९७७ पासून ज्यावर लिहीत होता ते 'हे मला जमेल' वाटणं, ते तिसरंच. तिन्हींना धारणा म्हणालात तर उत्तरांची खिचडी होईल.

—

सगळ्यांचे आभार. एक विधान असं केलंय, बघा: 'माझ्या ट्रेडमध्ये लेखी पेपरात मागे पडणारा मुलगा प्रॅक्टिकलला चांगला निघू शकतो, असं मला वाटतं.'

—

मुलगा नको, मुलीपण असतात. प्रशिक्षणार्थी.

—

प्रशिक्षणार्थी बरोबर. पण ताई, 'निघू शकतो' ला आम्ही सगळेच हो म्हणणार, कोण नाही म्हणेल? त्यापेक्षा असं विचारा की अवघड जॉब (वर्कशॉपमधलं काम) आला की तो पेपरात मागे असलेल्याच्या हातात तुम्ही देता का, आणि मागच्या महिन्यात किती वेळा दिलात.