साधे मोजे विणताना कंटाळा येत नाही का?

दादरकर: बाळाची टोपडी, स्वेटर विणून झाले. आता मोजे विणायचेत. पण नुसतं सुलट, गोल गोल... कंटाळा नाही येत? आणि मुंबईत लोकरीचे मोजे घालणार कोण?

बोरिवलीची काकू: अगं, तीच तर मजा! ६४ टाके, अडीच मिलिमीटरच्या पाच सुया, वर दोन सुलट दोन उलटची पट्टी, मग टाचेपर्यंत फक्त सुलट. चर्चगेट लोकलमध्ये बघावंसुद्धा लागत नाही. हात चालू असतात आणि अंधेरी कधी आली कळत नाही. टाच मात्र घरी, उजेडात. अर्ध्या, म्हणजे ३२ टाक्यांवर टाचेची सपाट पट्टी विणायची, मग आखूड ओळींनी, म्हणजे ओळ पुरी न करता मध्येच परत फिरून, वळवायची. सपाट विणीची बघता बघता वाटी होते! चाळीस जोड झाले, तरी त्या क्षणी मी ह्यांना हाक मारून दाखवते. एसीत त्यांचे पाय गार पडतात, तेच घालतात.

दादरकर: सुती धागा चालेल, काकू?

बोरिवलीची काकू: सुताला लवचिकपणा कमी, मोजा घोट्यावर घसरतो. तीन भाग लोकर, एक भाग नायलॉन घे. नुसत्या लोकरीची टाच लवकर झिजते.

गिरगावकर: पहिला मोजा झाला की दुसऱ्याचे टाके त्याच दिवशी घाला. माझे तीन एकटे मोजे अजून कपाटात आहेत.