मदत हवी आहे: रोजच्या १४ किलोमीटरसाठी दणकट आणि स्वस्त सायकल (पुणे, बजेट ८ हजार)

डेपोकर

नमस्कार मंडळी,

घर कोथरूड डेपोजवळ, काम नारायण पेठेत एका छापखान्यात. पौड रोडने पौड फाटा, मग कर्वे रोड, डेक्कन आणि तिथून झेड ब्रिज. जाऊन-येऊन साधारण १४ किलोमीटर. आठवड्यातले सहा दिवस, पावसातसुद्धा. सकाळी उतार असल्याने भरभर पोचतो, पण संध्याकाळी पौड फाट्यापासून घरापर्यंत सतत चढ. फार उभा नाही, पण दिवसभर मशीनपाशी उभं राहिल्यावर पायांना कळतो. माझं वजन ८६ किलो, उंची पाच फूट सात इंच. मागे डबा असतो, कधी कधी पाच-सहा किलो कागद किंवा बांधून झालेल्या वह्या.

दोन वर्षांपूर्वी एक सायकल घेतली होती. २६ इंची जाड टायर, पुढे शॉकअप, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, २१ गिअर, अकरा हजारांना. दिसायला मजबूत होती. पाचव्या महिन्यात मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला. बदलला. तीन आठवड्यांनी शेजारचा तुटला. मग आणखी एक. दर वेळी फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या बाजूचाच, आणि दर वेळी हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीपाशी, जिथे स्पोक वळतो तिथेच. पावसाळ्यात शॉकअप गंजून अडकला, डिस्क घासायला लागली, आणि शेवटी मागचा एक्सल वाकला. घराजवळचे दुरुस्तीवाले काका चांगले आहेत, पण म्हणाले, "या गिअरचं सामान माझ्याकडे नाही, मागवावं लागेल." चार-चार दिवस सायकल त्यांच्याकडे पडून, आणि मी बसच्या रांगेत. शेवटी ती विकून टाकली.

आता परत चूक करायची नाही. आठ हजारांच्या आत काय घ्यावं? मनात तीन पर्याय आहेत:

एक, जुन्या पद्धतीची काळी २८ इंची सायकल, सळईच्या ब्रेकची. वडिलांनी तशीच एक वीस-बावीस वर्षं चालवलेली मी पाहिली आहे.
दोन, बारीक चाकांची हायब्रीड, बिनागिअरची.
तीन, पुन्हा २६ इंची, पण साधी.

पावसात ब्रेक लागणं आणि संध्याकाळचा चढ या दोन गोष्टींची जास्त काळजी आहे. वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.

वर्धारोड

डेपोकर, डोळे झाकून काळी २८ इंची घ्या. मी नागपुरात नऊ वर्षं चालवतोय. चेनला तेल, टायरात हवा, बाकी काही बघावं लागत नाही. मागच्या चाकाला ४० स्पोक असतात, पुढच्याला ३२. तुमच्या वजनाचं तिला काहीच वाटणार नाही. घोडा स्टँड लावला की कागदाचे गठ्ठे चढवताना सायकल हलत नाही, हा तुमच्यासाठी मोठा फायदा.

सकाळची_पाळी

वर्धारोड दादांचं नागपूरसाठी पटतं, तिथे रस्ता सपाट आहे. मी पुण्यात रुग्णालयात शिफ्टला जाते आणि चार वर्षं अशीच सायकल वापरली, म्हणून सांगते.

कोरड्या रस्त्यावर तिच्याइतकी निर्धास्त सायकल नाही. खड्डा, पेव्हर ब्लॉक, रंबलर, सगळं गिळते. पण पावसात लोखंडी क्रोमच्या रिमवर रबर घसरतं. ब्रेक दाबल्यावर आधी पाणी निघून जायला काही क्षण जातात आणि तेवढ्यात सायकल बरीच पुढे गेलेली असते. एका जुलैमध्ये झेड ब्रिजच्या उतारावर माझ्यापुढे एक स्कूटर थांबली आणि मी दोन्ही ब्रेक पूर्ण दाबूनही तिच्यावर जाऊन आदळले. लागलं फार नाही, पण त्या दिवसापासून मी ॲल्युमिनिअमच्या रिमशिवाय सायकल घेत नाही. ओल्या ॲल्युमिनिअमवर ब्रेक कितीतरी चांगला लागतो.

भाऊ, तुमचा रस्ता तोच आहे. भिडे पूल पाण्याखाली गेला की सगळी गर्दी झेड ब्रिजवर येते. ब्रेकच्या बाबतीत तडजोड करू नका.

तिरपा_स्पोक

आमचं सायकलचं दुकान होतं, चाकं बांधण्यातच माझं लहानपण गेलं. तुमची तक्रार वाचून वाईट वाटलं, कारण हे अगदी ठरल्यासारखं होतं आणि टाळता येतं.

स्पोक तुमच्या वजनाने तुटले नाहीत. ते सैल होते म्हणून तुटले. कारखान्यातून सायकल अर्धवट जोडलेली येते आणि दुकानात घाईघाईने उभी केली जाते. चाक फक्त डोळ्यांना सरळ दिसेल एवढंच बघतात, स्पोकला पुरेसा ताण देत नाहीत. सैल स्पोक चाकाच्या प्रत्येक फेरीत थोडा ढिला पडतो, थोडा ताणला जातो. लोखंडी तार तुम्ही हातात धरून मागे-पुढे वाकवत राहिलात तर जशी तुटते, तसंच. आणि तुटतो कुठे, तर हबपाशी वळणावर. एक तुटला म्हणजे बाकीचेही तितकेच थकलेले असतात, म्हणून एकेक बदलून उपयोग होत नाही. तिसरा तुटला तेव्हाच सगळे बदलून चाक नव्याने बांधायला हवं होतं.

आता फ्रीव्हीलच्याच बाजूचे का? सहा-सात चकत्यांचं फ्रीव्हील बसवायला त्या बाजूला जागा लागते, म्हणून हबची ती कड आत सरकते. त्या बाजूचे स्पोक जवळजवळ उभे राहतात, दुसऱ्या बाजूचे तिरपे. चाक असं एका अंगाला कललेलं असतं आणि जास्त ताण उभ्या स्पोकवर येतो. एक्सलचंही तेच. आट्यावर चढवायच्या जाड फ्रीव्हीलमध्ये त्या बाजूचे छर्रे चिमट्यापासून (ज्यात चाक अडकवतात त्या दांड्यांपासून) दूर, आत राहतात आणि मधला एक्सल आधाराविना लोंबतो. जड माणूस, मागे ओझं, एक चुकलेला खड्डा, की वाकला. एकाच चकतीची सायकल असेल तर चाक जवळजवळ दोन्हीकडून सारखं आणि एक्सलला जवळ आधार. बिनागिअरची सायकल दणकट असते ती याच कारणाने.

म्हणून माझं सरळ मत: या पैशात गिअर नको, शॉकअप नको, डिस्क नको. आठ हजारांतला शॉकअप म्हणजे नुसतं जादा लोखंड, तो खड्डा खात नाही. खड्डा जाड टायर खातो. सगळे पैसे मागच्या चाकात घाला. ३६ भोकांची, दुहेरी भिंतीची ॲल्युमिनिअम रिम, १४ गेजचे स्टेनलेस स्पोक, आणि ज्याला खरंच चाक बांधता येतं अशा माणसाकडून हाताने बांधून.

तुमच्या तीन पर्यायांपैकी तिसरा. २६ इंची, सरळ लोखंडी चिमटा, केबलचे व्ही ब्रेक (रिमवर दोन्हीकडून पॅड दाबणारे), एकच गिअर. तो टायर कुठल्याही गल्लीत मिळतो. हायब्रीड वाईट नाही, पण तिच्या टायरबाबत एक फसगत सांगून ठेवतो. तिलाही काही दुकानदार "२८ इंची" म्हणतात आणि काळ्या सायकलीलाही २८. दोन्हींचे टायर एकमेकांना बसत नाहीत. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत आकडा असतो तो वाचा: काळीचा शेवट ६३५, हायब्रीडचा ६२२, तुमच्या २६ इंचीचा ५५९. टायर घेताना नेहमी हाच आकडा सांगायचा.

डेपोकर

तिरपा_स्पोक, दोन वर्षं मला वाटत होतं की मीच जड आहे म्हणून हे होतंय. तुम्ही इतकं समजावून सांगितलंत, मनापासून आभार. ताई, तुमचा झेड ब्रिजचा अनुभव वाचून काळी सायकल यादीतून काढली.

पण मग चढाचं काय? गिअर नसेल तर रोज संध्याकाळी गुडघे दुखणार नाहीत का? वय ४७ आहे.

तिरपा_स्पोक

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर स्वस्त आहे. पुढे बहुधा ४४ दात असतात, मागे १८. म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक २.४४ वेळा फिरतं. तुमच्या टायरचा घेर धरला तर एका फेरीत सायकल सुमारे पाच मीटर जाते. सपाटीला ठीक, चढाला जड.

मागे २२ दातांचं फ्रीव्हील टाका. मग एका फेरीत चार मीटर आणि थोडं. जवळजवळ पाचव्या हिश्शाने हलकं. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी पंधरा किलोमीटर होतात, आणि चढावर त्याहून जास्त कशाला हवेत? सकाळी उतारावर पाय थोडे भरभर फिरतील, एवढंच. साखळी थोडी वाढवावी लागेल, ते काम कुणीही करतो.

गुडघ्यांसाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे सीटची उंची. आपल्याकडे बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात, म्हणजे थांबल्यावर दोन्ही पाय सपाट टेकतात. तसं नको. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली असलं की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीटची दांडी पुरत नसेल तर लांब मिळते, आणि घालताना तिला ग्रीस लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत आतच गंजून धरून बसते.

जुनीचेन

नवीनच का? जुनी साधी सायकल घ्या आणि चाक नवीन बांधा, आठ हजारांत आरामात बसेल. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये कितीतरी चांगल्या सायकली धूळ खात पडल्यात.

बघताना रंग बघू नका. सायकल उलटी करून पायडलच्या एक्सलची नळी आणि वेल्डिंगचे सांधे बघा, रंगाखाली केसासारखी रेघ दिसली तर सोडून द्या. चिमटा समोरून आणि बाजूने बघा, धडकलेली सायकल तिथे मागे दबलेली असते. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे हलवा, हँडलच्या नळीत खडखड जाणवली तर निदान छर्रे आणि वाट्या बदलायची तयारी ठेवा. बाकी टायर, केबल, पॅड, चेन ही बदलायचीच असतात.

नवीनच घ्यायची असेल तर एक लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. दुकानदाराला बिल मागा आणि त्यावरचा दर वाचा.

सकाळची_पाळी

एक राहिलं. मडगार्ड पूर्ण लांबीचे घ्या, ते अर्धे प्लॅस्टिकचे नकोत. पुण्याच्या पावसात पाठ आणि डबा दोन्ही चिखलाने भरतात. आणि मागे लाल दिवा, रिफ्लेक्टरवर भागवू नका. मेट्रोच्या खांबांच्या सावलीत सायकल दिसत नाही.

डेपोकर

उशिरा लिहितोय, पण नुसता विचारून निघून गेलो असं व्हायला नको.

शेजारच्या इमारतीत एका काकांच्या मुलाची २६ इंची साधी सायकल चार वर्षं पडून होती. सरळ चिमटा, व्ही ब्रेक, पुढची रिम ॲल्युमिनिअमची. मागची लोखंडी आणि गंजलेली, पण ती बदलायचीच होती. जुनीचेन यांनी सांगितल्याप्रमाणे उलटी करून सगळे सांधे पाहिले. २,८०० रुपयांना घेतली.

मागचं चाक बांधायला पेठेतल्या एका वयस्कर कारागिरांकडे गेलो. त्यांना ३६ भोकांची दुहेरी भिंतीची रिम आणि १४ गेजचे स्पोक म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि बसायला स्टूल दिलं. दीड तास मी तिथे बसलो होतो. चाक सरळ झाल्यावर त्यांनी स्पोक जोडी-जोडीने मुठीत धरून दाबले, करकर आवाज आला, मग परत आउट काढलं, म्हणजे चाकाचं डुगडुगणं काढलं, परत दाबले. असं तीन वेळा. मग नखाने एकेक स्पोक छेडून आवाज ऐकला. आधीच्या, विकलेल्या सायकलीचं चाक असं कुणी कधी केलं नसणार, हे तिथे बसल्यावर कळलं.

हिशेब देतो, कुणाला उपयोग होईल. सायकल २,८००. मागचं चाक हब आणि मजुरीसकट १,९००. दोन टायर-ट्यूब १,१००. २२ दाती फ्रीव्हील आणि चेन ४५०. ब्रेक पॅड आणि केबल ३००. जुनं कॅरिअर सुटं होतं, ते आणि स्टँड मिळून ४००. एकूण ६,९५०. उरलेल्यात कुलूप आणि दिवे.

पाच आठवडे झाले, त्यातले तीन भर पावसातले. चढ बसूनच चढतो, पौड रोडला एकदाही उतरावं लागलं नाही. सीट दोन इंच वर घेतल्यावर पहिले दोन दिवस पडेन असं वाटलं, आता खालच्या सीटवर बसवणार नाही. झेड ब्रिजच्या उतारावर ओल्यात मुद्दाम रिकामा रस्ता बघून ब्रेक मारून पाहिला, थांबते.

पंधरा दिवसांनी चाक परत दाखवायला या असं कारागिरांनी सांगितलं होतं. गेलो. त्यांनी चाक फिरवलं, चार स्पोक अर्धा-अर्धा आटा कसले आणि पैसे घेतले नाहीत. घराजवळच्या काकांनाही सायकल दाखवून आणली. ते म्हणाले, "हिचं सगळं सामान माझ्याकडे आहे."