मदत हवी आहे: मुंबई ते वेंगुर्ला, दोघांचाच नौकाप्रवास. एकटीला नौका आत घेता येईल असे थांबे कोणते?

सर्वांना नमस्कार.

मी आणि माझे यजमान दोघेही निवृत्त आहोत. आमची 30 फुटी शिडाची नौका मुंबई बंदरात मुरिंगवर (तळाशी कायमच्या नांगरलेल्या बोयाला बांधलेली) असते. इंजिन डिझेलचे आहे आणि डूब (पाण्याखाली राहणारा भाग) 1.4 मीटर आहे. येत्या संक्रांतीनंतर मुंबईहून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सावकाश जाण्याचा आमचा विचार आहे. रात्री चालायचे नाही, दिवसाला फार तर 30 सागरी मैल कापायचे आणि जे बंदर आवडेल तेथे दोन-चार दिवस राहायचे, एवढाच बेत आहे. माझे माहेर दापोली तालुक्यातले. लहानपणी हर्णैला आगबोट बाहेर समुद्रातच उभी राही आणि उतारू होडीतून किनाऱ्याला येत. त्या होडीत उतरताना आईने घट्ट धरलेला हात मला अजून आठवतो, आणि त्याच वाटेने स्वतःच्या नौकेतून जावे ही इच्छा मुळात माझी आहे.

आता अडचण सांगते. गेल्या फेब्रुवारीत रेवदंड्याहून परत येताना अलिबागजवळच्या खांदेरी बेटाच्या आसपास यजमानांना एकाएकी घेरी आली. वायव्येचा वारा समोरून होता. मी शीड उतरवले, इंजिन सुरू केले, त्यांना आत निजवले आणि जवळजवळ चार तास सुकाणू धरून नौका बंदरात आणली. रक्तदाबाच्या औषधाची मात्रा जास्त होत असल्याचे पुढे तपासणीत निघाले. मात्रा बदलली आहे आणि डॉक्टरांनी प्रवासाला परवानगीही दिली आहे. परंतु त्या दिवशी नौका आणता आली ती मुंबईच्या दक्षिण टोकाजवळच्या प्रॉंग्स दीपगृहापासून पुढची प्रत्येक खूण माझ्या ओळखीची होती म्हणून. अनोळखी खाडीच्या तोंडाशी, दुपार कलताना, ओहोटी लागलेली असताना तीच वेळ आली असती तर मला ते जमले नसते, याची मला पुरेपूर जाणीव आहे. म्हणून या वेळी मुक्कामाची ठिकाणे मला एकटीला काय झेपेल हे पाहूनच ठरवायची, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

नकाशा आणि भरती-ओहोटीचे कोष्टक समोर ठेवून मी जेवढे समजून घेतले आहे, ते चुकत असल्यास कृपया सुधारावे. दिघीची राजपुरी खाडी, जयगड आणि विजयदुर्ग येथे आत शिरायला पाणी खोल आहे आणि आडोसाही चांगला आहे, त्यामुळे हे तीन थांबे मी पक्के धरले आहेत. हर्णैला मात्र बंदर उघडे, म्हणजे वाऱ्या-लाटांपासून आडोसा नसलेले आहे. तेथे मला थांबायचे आहेच, पण वारा पडलेला असेल तरच. खरा प्रश्न बाणकोट आणि दाभोळचा आहे, कारण सावित्री आणि वाशिष्ठी या दोन्ही नद्यांच्या मुखाशी वाळू साचते आणि आमच्या नौकेच्या बुडाखाली कणा असल्यामुळे ती वाळूत रुतली तर ओहोटीला कलंडेल.

आपल्याकडे तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती, असा हिशेब जुनी माणसे करतात. त्या हिशेबाने पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती येते, म्हणजे आपण तीन-चार वाजता पोहोचू तेव्हा उधाणाचे पाणी जोराने बाहेर पडत असणार. याउलट पंचमी-षष्ठीला भरती पावणेचार ते साडेचारला येते आणि उधाणाचा जोरही ओसरलेला असतो. दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी येते, हे लक्षात घेऊन वेळ आणखी थोडी अलीकडे धरावी लागेल. म्हणून दाभोळचा टप्पा षष्ठीला यावा अशा बेताने मुंबई सोडायची, असे मी योजले आहे. ही योजना बरोबर आहे का? वाढत्या पाण्यावर, पूर्ण भरतीच्या तासभर आधी मुखाशी असणे पुरेसे होईल का?

दुसरी विचारणा जेट्टींबद्दल आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ येथे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी चालतात, म्हणजे गाड्या बोटीत चढवण्याच्या उतारापर्यंत रस्ता असतो आणि 108 ची रुग्णवाहिका पाण्याच्या कडेपर्यंत येऊ शकेल असे मला वाटते. फेरीच्या वेळा सांभाळून अशा उताराला खाजगी नौका थोडा वेळ लावू देतात का, आणि ओहोटीला तेथे पाणी किती उरते, हे कोणी प्रत्यक्ष पाहिले असल्यास अवश्य सांगावे. नौकेवर व्हीएचएफ रेडिओ आहे, संकटकाळी हाक देण्याच्या चॅनेल 16 वर बोलण्याचा सराव मी केला आहे आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक सुकाणूशेजारी लिहून ठेवला आहे. तरीही माणूस जमिनीवर कसा उतरवायचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

परतीच्या प्रवासात वायव्येचा वारा समोरून येणार, तेव्हा पहाटेच्या मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यावर निघून दुपारच्या आत पुढचे बंदर गाठायचे, असे आम्ही मानून चाललो आहोत. मात्र पहाटेच्या अंधुक उजेडात मच्छीमारांची जाळी दिसत नाहीत आणि इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यात दोर अडकला तर तो सोडवायला पाण्यात उतरणे आता आम्हा दोघांनाही शक्य नाही. कोणत्या पट्ट्यात डोलजाळी (प्रवाहात एका जागी रोवून ठेवलेली पिशवीसारखी जाळी) किनाऱ्यापासून किती दूरपर्यंत लावलेली असतात, हे त्या बाजूच्या मंडळींनी सांगितले तर मोठी मदत होईल. कागदपत्रांची चौकशी आम्ही महाराष्ट्र सागरी मंडळाकडे करत आहोत, त्यामुळे तो विषय येथे घेतला नाही तरी चालेल.

ज्यांनी स्वतः दाभोळच्या मुखातून नौका आत घेतली आहे, त्यांना विशेष विनंती आहे. अंजनवेलचा गोपाळगड कोणत्या बाजूला आणि किती जवळ ठेवायचा, कोणत्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या आणि ती रेषा कोठे सोडायची, हे शक्य तितके बारकाईने लिहावे. मी ते वहीत उतरवून घेईन, आणि पहिल्या खेपेला यजमान शेजारी बसलेले असताना सुकाणू माझ्याच हाती असेल.