खाडीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात माझी डेले बी१ ची (स्पॅनिश भाषेची) परीक्षा आहे. तोंडीत एका फोटोचं वर्णन करावं लागतं, म्हणून बाईंनी सरावाला 'ओळखीचा समुद्रकिनारा' दिला. माझं आजोळ दाभोळचं. शब्दकोशात खाडीसाठी 'क्रीक' बघितलं, समोर 'आर्रोयो' होतं, दिलं ठोकून: आर्रोयो ओलांडून फेरीबोटीने धोपाव्याला जातो, बोटीत जीपगाड्याही चढतात. बाई हसतच सुटल्या. आर्रोयो म्हणजे ओढा!

आता इंग्रजीमार्गे जायचंच नाही असं ठरवलंय. तर,
खाडीला 'रीआ' चालेल का?
पुळण म्हणजे प्लाया की ओरिया?
भरती प्लेआमार, ओहोटी बाखामार, एवढं सापडलं. पण उधाण आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची कमजोर भरती)?
शिवाय 'एल मार' की 'ला मार'? दोन्ही दिसतं.

प्रतिसाद १
मी स्पेनमध्ये विगोला राहतो, म्हणजे रीआच्या काठावरच. बिनधास्त रीआ म्हणा. नदी ती रीओ, तिच्या खोऱ्यात समुद्र शिरला की रीआ. कोकणातल्या खाड्यांची गोष्ट तीच. इथे रीआत 'बातेआ' नावाचे मोठे तराफे नांगरून खाली सोडलेल्या दोरांवर मेखियोनेस, म्हणजे आपले शिनाणे (एक प्रकारचे शिंपले), वाढवतात. 'एस्तुआरिओ' बरोबर आहे, पण जरा भूगोलाच्या पुस्तकातलं वाटतं.

पुळण म्हणजे प्लाया. ओरिया ही पाय भिजतात ती कड, नदीलाही असते. कडा असेल तर आकांतिलादो, दोन खडकांमधली छोटी पुळण असेल तर काला.

उधाणाला मारेआ बीबा, जिवंत भरती. भांगाला मारेआ मुएर्ता, मेलेली. अमावास्या-पौर्णिमा आणि अष्टमीचं आपलं गणित इथेही तसंच चालतं. भूमध्य समुद्राकाठी मात्र भरती-ओहोटी जेमतेम, त्यामुळे फोटो कोस्ता ब्रावाचा आला तर बाखामार म्हणून फसू नका. रिबादेओजवळ कातेद्रालेस नावाची पुळण आहे, तिथे ओहोटीलाच खडकांच्या कमानींखालून चालता येतं. तिथे तो शब्द शोभतो.

परीक्षेत 'एल मार' म्हणा. 'ला मार' कोळी-खलाशांच्या तोंडी आणि कवितेत.

धागाकर्ता
खूप आभार! 'मेलेली भरती' आजीला सांगितलं तर म्हणाली, "मग भांगच की!"
एकच राहिलं. फेरीचा धक्का म्हणजे मुएये का?

प्रतिसाद २
मुएये चुकीचं नाही, पण त्याने बंदराचा मोठा धक्का डोळ्यांसमोर येतो. नुसती चढ-उतार करायची जागा असेल तर एम्बार्कादेरो. आणि जीप नेणारी ती बोट, त्रान्सबोर्दादोर.