मदत हवी आहे: हवा वाहणाऱ्या डक्टमधल्या आवाजाचं मॉडेल फुगतंय

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या धूळ ओढणाऱ्या डक्टचा आवाज कमी करायचाय. डक्ट चौकोनी, ६०० मिमीचा, हवेचा वेग साधारण २० मी/से, म्हणजे मॅक (ध्वनीच्या वेगाशी प्रमाण) ०.०६. पंख्याला ८ पाती, १४४० आरपीएम. त्यामुळे मुख्य सूर १९२ हर्ट्झवर. या डक्टमध्ये २८६ हर्ट्झच्या खाली फक्त सपाट लहर (डक्टच्या लांबीत सरळ जाणारी) चालते, म्हणून तो सूर सोपा. दुप्पट, ३८४ चा, मात्र आडव्या मोडमध्येही (समोरासमोरच्या भिंतींमध्ये हेलकावणाऱ्या लहरीत) शिरतो आणि हुडातून थेट कामगारांच्या कानावर येतो.

हवा बंद धरली की गणित चोख जुळतं. आतून छिद्राचा पत्रा, मागे ग्लासवूल असं अस्तर धरून टाइम-डोमेनमध्ये (क्षणाक्षणाने पुढे सरकणाऱ्या गणितात) प्रवाह चालू केला, भिंतीला इनगार्ड-मायर्सची अट (प्रवाह असताना अस्तरासाठी लावतात ती) लावली, की उत्तर भडकतं, आकडे बेसुमार वाढत जातात. गणिताची जाळी बारीक करावी तर आणखी लवकर! ही अट बाउंड्री लेयर (भिंतीलगतचा मंद हवेचा थर) शून्य जाडीचा मानते, दोष तिथलाच असावा असं मला वाटतं. टाइम-स्टेप कमी करूनही फरक नाही.

आता दोनच सुरांसाठी फ्रीक्वेन्सी-डोमेनमध्ये (एकेका सुराचं वेगळं गणित) जावं, की बाउंड्री लेयर खरा धरून लिनिअराइज्ड ऑयलर (प्रवाहावरच्या लहान लहरींची समीकरणं) सोडवावं? एवढ्याशा मॅकला दुसरा खटाटोप मला जरा जास्तच वाटतो. पण आवाज प्रवाहाविरुद्ध येतोय, १९२ ला लहरीची लांबी १.७९ वरून १.६८ मीटर होते, मग प्रवाह सोडूनही चालत नाही. कुणी असं अस्तर प्रवाहासकट सोडवलंय काय? भिंतीला कुठली अट लावली तेवढं सांगा की.