आज्जाच्या वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायची आहे, त्यात काय काय लिहावं?

शिवारातला

नमस्कार मंडळी. माझा आज्जा गेल्या पौषात गेला. वर्षश्राद्धाला पैपाहुण्यांना द्यायला छोटी पुस्तिका काढायचं घरात ठरलंय आणि लिहायचं काम माझ्याकडं आलंय. थोरल्या काकांनी मजकूर काढूनही दिलाय: कष्टाळू, प्रेमळ, माळकरी, सर्वांना सांभाळून घेणारे. यात खोटं काहीच नाही. पण नाव बदललं तर तोच मजकूर आमच्या गल्लीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला चालेल. आज्जा मला त्यात सापडत नाही.

आमची जमीन बेळगावजवळ वडगावच्या शिवारात, बळ्ळारी नाल्याच्या अंगाला. नाला फुगला की भात पाण्याखाली. पाणी ओसरलं की आज्जा चिखलात उतरायचा, एक रोप उपटून नखानं बुडापासून उभं चिरायचा. आतला कोंब घट्ट आणि पांढरा असला तर म्हणायचा, "हाय जीव. ऱ्हाऊ दे." कोंब मऊ लागला, वास आला, की बांधावर येऊन दुबार लावणीला रोप कुणाकडं शिल्लक असेल याची चौकशी सुरू. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. शिव्या नाहीत, देवाला बोल नाही.

त्याचा जीव मात्र मसुरीत. भात निघालं की त्याच काळ्या जमिनीत मसूर पेरायचा. वडगाव-शहापूरकडच्या मसुरीला पाणी देत नाहीत हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. जमिनीत मुरलेली ओल आणि थंडीचं दव, एवढ्यावर पीक येतं. थंडीच्या दिवसांत आभाळ आलं की आज्जा घरात कुणाशी बोलायचा नाही, मावा ही कीड पडायची भीती. बियाणं त्यानं विकत आणलेलं मी पाहिलं नाही. उफणताना पायाशी पडेल तो जड दाणा वेगळा काढायचा, राखेत घोळून कणगीत भरायचा आणि कणगीचं तोंड शेणानं लिंपायचं. त्या कणगीला आज्जीशिवाय कुणी हात लावायचा नाही, काकांनीसुद्धा नाही.

आता अडचणी. एक म्हणजे जन्मतारीख. आधारकार्डावर १ जून आहे, ती मास्तरांनी लावलेली हे सगळ्यांना माहीत आहे. पणजी सांगायची, काँग्रेसची विहीर खणली तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं. याच्यापलीकडं काही नाही.

दुसरी अडचण जमिनीची. ती मुळात आमची नव्हती, आम्ही कूळ, म्हणजे मालकाची जमीन खंडानं कसणारे. नावावर कधी आणि कशी झाली हे विचारलं की काका म्हणतात, "झाली तवा झाली, ते कशाला छापतोस?"

तिसरी जरा नाजूक. बेळगाव महाराष्ट्रात न घालता कन्नड राज्यात घातलं, त्याच्या निषेधाच्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीला आज्जा म्हातारपणापर्यंत जायचा. आणि त्याचा बैलांचा पैरा, म्हणजे एकमेकांना बैल द्यायचा व्यवहार, होता धामण्याच्या एका कन्नड घराशी. त्यांच्या लग्नात आमचे बैल गाडीला, आमच्या सुगीला त्यांची माणसं. रविवार पेठेत धान्य घालायला दोघं एकाच गाडीतून जायचे. चुलत भाऊ म्हणतो दोन्हीतलं एकच लिही, दोन्ही लिहिलंस तर लोक नावं ठेवतील.

शिवाय माडीवर भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांची चळत सापडलीय. तारखांच्या चौकोनात आज्जानं पेन्सिलीनं बारीक काहीबाही लिहिलंय. "वळीव." "रोहिणी कोरडी गेली." "तांबड्या बैलाला औषध." याचं काय करावं कळत नाही.

---

निपाणीकर

कॅलेंडरं आधी जपा, दादा. माळा गळका असेल तर आजच खाली आणा. माझं ऐकाल तर पुस्तिकेचा निम्मा भाग तोच करा, एका वर्षाची बारा पानं फोटो काढून जशीच्या तशी छापा. कुठल्या नक्षत्रात पेरलं, कधी पाऊस ओढला, बैल कधी विकला, हे त्याच्या हातानं लिहिलेलं आहे. तुम्ही-आम्ही कितीही चांगलं लिहिलं तरी त्याची सर येणार नाही.

आमच्या वडिलांचं असं काही राहिलं नाही. तंबाखूवाले शेतकरी आम्ही. १९८१ ला शेतकरी नेते शरद जोशींचं निपाणीचं तंबाखू आंदोलन झालं तेव्हा वडील हायवेवर बसले होते, गाडीबैल घेऊन. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. त्या दिवशी ते रात्री कुठं होते, घरी कसे पोचले, भाकरी कुणी दिली, हे आम्ही कुणी विचारलंच नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. आज आंदोलनाची माहिती मिळते, वडिलांची मिळत नाही. म्हणून सांगतो, आज्जाच्या बरोबरीचं कोण हयात असेल त्यांच्याकडं या आठवड्यात जा. धामण्याच्या त्या घरी तर पहिल्यांदा जा. चाळीस वर्षं ज्यानं आपला बैल त्याच्या बैलाशेजारी जुंपला, त्याला जे माहीत असतं ते पोरांना नसतं.

आणि फेरी आणि पैरा, दोन्ही लिहा. दोन्ही त्यानंच केलं ना?

---

मलप्रभेकाठचा

मी खानापूर तालुक्यातला, महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त. जमिनीचं तेवढं सांगतो.

काकांना लाज वाटत असेल तर त्यांना हे समजावून द्या. मुंबई राज्याच्या कुळकायद्यानं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला होता. त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचा मालक मानलं जाणार होतं. आपला भाग त्याआधी पाच महिने, १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला आणि इथं त्या तरतुदी स्थगित झाल्या. पलीकडं चंदगड-गडहिंग्लजच्या कुळांना जे १९५७ ला लागू झालं, त्यासाठी आपल्याकडच्या कुळांना १ मार्च १९७४ पर्यंत वाट बघावी लागली. त्या मधल्या वर्षांत कितीतरी कुळांच्या हातातनं जमिनी निसटल्या. मालकानं तोंडी सांगायचं आणि कुळानं बैल सोडायचे, म्हणजे जमीन सोडायची. तुमच्या आज्जानं त्या काळात जमीन धरून ठेवली. ही लपवायची गोष्ट नाही, माझ्या मते पुस्तिकेतलं पहिलं प्रकरण हेच.

१९७४ नंतर कुळांनी जमीन मागायचा सात नंबरचा फॉर्म भरला आणि प्रकरणं जमिनीच्या ट्रिब्युनलपुढं चालली. तिथं कुळाच्या, मालकाच्या, शेजारच्या शेतकऱ्यांच्या जबान्या होत. तुमच्या उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर घ्या, जुना फेरफार, म्हणजे जमीन नावावर चढल्याची नोंद, बघा, त्यावर ट्रिब्युनलच्या निकालाचा नंबर आणि तारीख असेल. तो घेऊन तालुक्याला जुन्या प्रकरणाच्या नकलेसाठी अर्ज करा. फाईल शाबूत असली तर आज्जाची जबानी मिळेल. किती वर्षं कसतोय, खंड किती पोती घालतो, शेजारी कोण, सगळं त्यात असतं. कारकुनानं कन्नडात लिहिलेली असली तरी सांगणारा तोच.

जन्माचं म्हणाल तर काँग्रेसचं बेळगावचं अधिवेशन डिसेंबर १९२४ चं, विहीर त्याच्यासाठी खणलेली. पणजीचं लग्न त्यानंतरचं. आज्जाच्या पाठच्या-पुढच्या भावंडांचे शाळेतले दाखले काढा आणि मध्ये कुठं बसतो बघा. नेमकी तारीख मिळाली नाही तर "सुमारे" लिहा, १ जून लिहू नका.

---

सुगीवाली

सगळं वाचलं. शिवारातला, भाऊ, राग मानू नका, पण एवढ्या मोठ्या मजकुरात आज्जी फक्त कणगीपाशी आली. मी येळ्ळूरची माहेरवाशीण. मसूर काढायचं काम मला माहीत आहे. पहाटे दवानं झाड ओलं असतं तेव्हाच उपटायचं, ऊन चढलं की शेंगा तडकून दाणा सांडतो. माघातली थंडी, वाकून वाकून कंबर धरते, बोटांना चिरा पडतात. हे काम बायका करतात. तुमच्या आज्जाच्या मसुरीत आज्जीच्या कमरेचा हिस्सा किती ते तिलाच विचारा, हयात असतील तर.

आणि आत्या किती? जमीन नावावर झाली, पुढं वाटण्या झाल्या, तेव्हा त्यांच्या सह्या कशावर घेतल्या? घरोघरी हक्कसोड, म्हणजे मुलींनी वाटा सोडल्याचा कागद, झालेलं आहे, आमच्याकडंही. ते लिहा असं मी म्हणत नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न. पण निदान आत्यांना "बाबा कसे होते" म्हणून विचारा. मुलांना दिसलेला बाप आणि मुलींना दिसलेला बाप वेगळा असतो.

---

शिवारातला

सगळ्यांचे मनापासून आभार. सुगीवाली ताई, राग कसला. आज्जी आहे, ऐकायला कमी येतं पण बोलते. काल तिच्याजवळ बसलो. ती सांगते, मालकाचा माणूस बैल सोडायला सांगायला आला होता तेव्हा आज्जा बाजारात होता. घरात ती आणि पणजी. पणजी उंबऱ्यात आडवी बसली आणि म्हणाली, माझ्यावरनं गाडी घाला आणि मग शिवारात जावा. तो माणूस परत गेला. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. काका ऐकत होते, ते उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळानं आत येऊन म्हणाले, "हे लिही."

धाकट्या आत्यालाही फोन केला. सातवीनंतर आज्जानं तिला शाळेतून काढली, मसूर उपटायला माणूस कमी पडत होतं म्हणून. ती म्हणाली, "लिही की. पण हेही लिही, माझ्या पोरीच्या कॉलेजाची फी पहिल्या वर्षी त्यानं भरली, भात विकून, न सांगता." दोन्ही लिहिणार आहे. हक्कसोडाचं काकांशी बोलायचं बाकी आहे, ते मी पुस्तिकेच्या आधीच बोलणार.

मलप्रभेकाठचे काका, फेरफार मिळाला, निकालाचा नंबर आहे. सोमवारी अर्ज करतो. पण तुम्ही म्हणता तशी जबानी कन्नड हस्ताक्षरात निघाली तर मला छापील कन्नड तेवढं वाचता येतं, हाताचं लागत नाही. कुणी वाचून देईल काय?

---

मलप्रभेकाठचा

मी देतो वाचून. तेवढंच आयुष्यभर केलंय. नक्कल हातात आली की इथं कळवा, आणि अर्जात सर्व्हे नंबराबरोबर हिस्सा नंबरही घाला, नाहीतर परत पाठवतील.