मदत हवी आहे: झाकण लावलं की हार्डडिस्क गायब! साटा केबल कोणती घेऊ, कशी बसवू?

नमस्कार मंडळी,

मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो, लग्नाचं शूटिंग करतो. दिवाळीत पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं डेस्कटॉप जोडला. प्रोसेसर, रॅम, कूलर सगळं सुरळीत बसलं. अडलो ते वायरींत, म्हणजे डिस्क मदरबोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलींत.

आत काय आहे ते सांगतो. विंडोज एनव्हीएमईवर, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या एसएसडीवर. त्याशिवाय जुनी अडीच इंची साटा एसएसडी, ४ टीबी आणि २ टीबीच्या दोन मोठ्या हार्डडिस्क, आणि डीव्हीडी रायटर. हसू नका, आमच्याकडे वरबापाला अजून डीव्हीडीच लागते, पेनड्राइव्ह दिला तर "पैसे घेतले आन् हे एवढंसं?" म्हणतात.

त्रास असा: शूटिंगचा डेटा ४ टीबीवर टाकायला घेतला की दहा-पंधरा मिनिटांत कॉपी अडकते, मग डिस्क विंडोजमधून गायब. रीस्टार्ट केलं की हजर. गंमत म्हणजे कॅबिनेटचं मागचं झाकण काढून ठेवलं तर रात्रभर काही होत नाही. म्हणून महिनाभर झाकण उघडंच ठेवलं, तर उंदरानं एसएसडीची केबल कुरतडली. तांब्याची तार दिसते.

संध्याकाळी गावभर मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, म्हणून आधी लाइनवर संशय होता. यूपीएसवर टाकूनही तेच. दुकानदार म्हणतो डिस्क गेली, नवी घ्या. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये 'गुड' दिसतं, फक्त सी७ या ओळीत १ए४ असा आकडा आहे. हा काय आकडा आहे बे?

अजून दोन गोष्टी. एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) साटा पॉवरची तीनच टोकं आहेत, चौथ्यासाठी मोलेक्सचं, म्हणजे जुन्या चार पिनांच्या पॉवर टोकाचं, कन्व्हर्टर लावलंय. आणि डीव्हीडी रायटर बोर्डावरच्या पाचव्या साटा पोर्टला अजिबात दिसत नाही. केबल नवीनच घ्यायच्या तर सरळ टोकाच्या की एल आकाराच्या? लांबी किती? निळी केबल लालपेक्षा फास्ट असते असं एकानं सांगितलं, खरं का?

प्रतिसाद १

डिस्क फेकू नका! सी७ म्हणजे सीआरसी एरर. डिस्क आणि बोर्ड यांच्यात डेटा जाताना किती वेळा बिघडला त्याची मोजणी. दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा सैल टोकाचा असतो. डिस्कचा पृष्ठभाग खराब झाला असता तर ०५, सी५, सी६ या ओळींत आकडे वाढले असते, ते आधी बघा. १ए४ हा हेक्समधला (सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीतला) आकडा, साध्या हिशेबात ४२०. केबल बदलली तरी तो शून्यावर येत नाही, त्यामुळे घाबरू नका. आज लिहून ठेवा आणि वाढतो का तेवढंच बघा.

रंगाचं म्हणणं निव्वळ थाप. साटा ३ चा वेग ६ गिगाबिट प्रतिसेकंद, म्हणजे साधारण ६०० एमबी, आणि तुमची हार्डडिस्क सेकंदाला दोनशे-अडीचशे एमबीच्या आसपासच दमते. केबल कुठल्याही रंगाची असो, तिथे काही अडत नाही.

प्रतिसाद २

दादा, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: झाकण लावलं की डिस्क जाते. आजकालच्या कॅबिनेटमध्ये हार्डडिस्क आडव्या बसतात, त्यांची टोकं मागच्या झाकणाकडे. तिथं सरळ टोकाची केबल लावली की ती दोनेक इंच बाहेर येते आणि झाकण तिला दाबून वाकवतं. टोक खाचेत तिरपं होतं आणि संपर्क तुटतो.

त्या दोन डिस्कला एल टोकाची केबल लावा. बोर्डाच्या खोक्यात बहुधा दोन साटा केबल येतात, एक टोक सरळ, एक एल. त्या शोधा, कुठं तरी पॉलिथिनमध्ये पडल्या असतील. एल टोक डिस्ककडे, सरळ बोर्डाकडे. नवीन घेताना एल कोणत्या बाजूला वळतो ते बघूनच घ्या, नाही तर वरच्या डिस्कची केबल खालच्या डिस्कच्या टोकावर येऊन बसते. लोखंडी खटका असलेलीच घ्या. काढताना तो दाबून काढा, ओढाताण केली की डिस्कवरची प्लास्टिकची जीभ तुटते, मग केबलीनं काही होत नाही.

लांबी ४५-५० सेंमी पुरते. नियमानं १ मीटरपर्यंत चालते, पण उरलेली घडी कोंबायला जागा लागते. घडी घालताना काटकोनात मुडपू नका, हाताच्या बोटाभोवती गुंडाळल्यासारखा वळण ठेवा. झिपटायही आवळून बांधू नका, आम्ही तुरीचा भारा बांधतो तसा तर मुळीच नाही.

पॉवरचं मात्र लगेच पाहा. मोलेक्स कन्व्हर्टरचं साटा टोक एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेलं असेल तर काढून टाका. तशी टोकं आतून शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं आहेत. ज्याच्या मागचं टोपण उघडतं आणि प्रत्येक तार वेगळी दिसते, ते घ्या. आणि सध्या रायटर कन्व्हर्टरवर ठेवा, डिस्क थेट एसएमपीएसवर.

पाचव्या पोर्टचं: एनव्हीएमई लावली की काही बोर्डांवर एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. मॅन्युअलमध्ये एम.२ चं (एनव्हीएमई बसते त्या खाचेचं) पान काढा. रायटर पहिल्या चारांपैकी रिकाम्या पोर्टला लावून पाहा.

धागाकर्ता

राजेहो, पत्ता लागला! बोर्डाच्या खोक्यात दोन्ही केबली जशाच्या तशा होत्या, मी उगाच ४० रुपयांच्या सरळ घेतल्या होत्या. आधी मुद्दाम जुन्याच केबलीवर झाकण लावून ६० जीबी टाकले, आकडा १ए४ वरून १बी३ झाला. मग एल टोकं लावली, झाकण लावलं, ३०० जीबी गेले, आकडा १बी३ वरच. ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य.

रायटर तिसऱ्या पोर्टला लावल्याबरोबर दिसला. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच आहे, पाचवा-सहावा एनव्हीएमई असताना बंद. कन्व्हर्टर ओतीवच निघालं, काढून टाकलं. तोवर रायटर विनापॉवरचा. नागपूरला बर्डीवर कोणी जाणार असेल तर मागवतो, साथीला एक सरळ केबल एसएसडीसाठी.

उंदराचं मात्र कोडंच आहे. झाकण आता घट्ट लागतं, तरी काल रात्री आत खुडबुड ऐकली.

प्रतिसाद २

मागं ग्राफिक्स कार्डाच्या जागेच्या पट्ट्या लावल्यात का? कार्ड नसलेल्या खाचा उघड्या असतील तर उंदीर तिथूनच जातो.

धागाकर्ता

नाही लावल्या. जोडताना काढून कुठं तरी टाकल्या. शोधतो आता.